दादा न गेलेलं गाव

...आणि त्या जाड्या राजाला धरला कुठं, तर न्हाणीघरात! काल इथवरच आलो होतो आपण आणि सूनबाईंनी जेवायला हाक मारली. तर आता पुढं ऐका. हेन्रिक त्याचं नाव, पण सगळे त्याला जाड्या हेन्रिकच म्हणायचे. आंघोळ चाललेली, आजूबाजूला आपलीच माणसं, म्हणून गडी निर्धास्त. आणि त्या आपल्याच माणसांतला एक सरदार उठला. या हेन्रिकनं पूर्वी त्याच्या बापाला ठार करवलं होतं, ते तो विसरला नव्हता. राजाला तसाच उचलला आणि नेऊन दिला त्याच्या चुलतभावाच्या ताब्यात, पोलंडातल्या ग्वोगूफच्या किल्ल्यात.

चुलतभावाचं नावही हेन्रिकच. त्या मुलखात नावांची टंचाई असावी, जो उठतो तो हेन्रिक. या दुसऱ्या हेन्रिकनं लोखंडी पिंजरा करून घेतला होता. त्यात धड बसता येईना, धड उभं राहता येईना, आडवं होण्याचं तर नावच सोडा. वर एक भोक, जेवण आत द्यायला. खाली एक भोक. ते कशाला, हे मी इथं सांगत नाही. पण आमच्या कॉन्डोतल्या, म्हणजे इथल्या सोसायटीतल्या, पोरांना नेमकं तेच आधी कळलं, आणि आठवडाभर स्विमिंग पूलपाशी दुसरा विषय नव्हता.

महिनोन्‌महिने ठेवला त्याला तसा. शेवटी बिचाऱ्यानं निम्मा मुलूख लिहून दिला, तेव्हा बाहेर काढलं. बाहेर आला तो नावापुरता जाड्या राहिला होता. पुढं फार जगला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, हे तुम्हाला कुठून कळलं? मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. आमच्या मास्तरांच्या भिंतीवर युरोपचा नकाशा होता, पण पोलंड असायला पाहिजे तिथं कौल गळून गळून तपकिरी डाग पडला होता. त्यामुळं माझ्या लेखी पोलंड म्हणजे डाग. तो डाग पुसला निशिकांतनं. आणि मला आज सांगायचंय ते त्या निशिकांतबद्दल, राजाचं निमित्त.

निशिकांत आमच्याच कॉन्डोत राहतो, सिंगापुरात बुकित तिमाहला, बी टॉवरमध्ये, खालच्या मजल्यावर. पन्नाशीचा, अंगानं बारीक, चालताना नेहमी कुणाच्या तरी अर्धं पाऊल मागं चालल्यासारखा. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत अकाउंटंट आहे. समुद्राकडच्या खिडक्या साहेब लोकांना, याचं टेबल प्रिंटरकडे तोंड करून. बायको विनीता, फटकळ आणि लाख बाई. मुलगी शिकायला मेलबर्नला. आणि ए टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर, जिथून झाडांच्या डोक्यावरून टेकडी दिसते, तिथं राहतो त्याचा थोरला भाऊ चारुदत्त. मोठ्या बँकेत मोठा साहेब. इथला नागरिक. उंच, आवाज असा की माइक बाजूला ठेवावा.

वाईची ही दोन भावंडं. आणि निशिकांतचं सगळं आयुष्य एका ओळीत सांगायचं तर, तो जिथं जिथं गेला तिथं दादा आधी जाऊन आलेला होता. दादाची पँट आखूड झाली की याला. दादाची पुस्तकं याला, तीसुद्धा समासात दादाच्या अक्षरासकट. नव्या वर्गात गेला की मास्तर विचारायचे, "तू चारुदत्तचा भाऊ ना?" आणि मग जो निराश चेहरा करायचे, तो निशिकांत मला अजून करून दाखवतो. मामाकडे महाडला जायचे एसटीनं, तर खिडकी दादाची. स्टँड आलं की आधी दादा उतरायचा आणि आई मागून म्हणायची, "निशी, दादाचा हात धरून उतर." हे तो चांगला बारा वर्षांचा घोडा होईपर्यंत.

सिंगापूरलाही तो आला दादाच्याच शब्दावर. पहिल्याच आठवड्यात हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसला, तर समोरचा चिनी गृहस्थ म्हणतो, "यू चारुज ब्रदर, आह?" निशिकांत सांगतो, "आजोबा, माझ्या हातातला घास हातात राहिला. मी म्हटलं, इथंही मास्तर आहेत."

यात दादाची चूक काय, ते त्याला विचारलं तर सांगता यायचं नाही. चारुदत्त भला माणूस. कुणाच्या घरी दुखणं-खुपणं असलं की पहिला हजर. पण तेच तर! पहिला! निशिकांत जळायचा. चांगल्या माणसाचा हेवा करणं जड जातं हो, वाईट माणूस असला तर निदान शिव्या तरी घालता येतात.

तर अशात काही वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीनं युरोपचं हिशेबाचं काम पोलंडात व्रोत्सवाफ नावाच्या शहरात नेलं, आणि तिथल्या लोकांना शिकवायला निशिकांतला वर्षभर पाठवलं. निघताना दादाकडे जेवायला गेला. दादा म्हणाला, "व्रोत्सवाफ? मी प्रागपर्यंत गेलोय. पण त्याच्या पुढं काही नाही रे बघण्यासारखं."

विनीता सांगते, हे वाक्य ऐकून घरी येताना लिफ्टमध्ये हा शीळ वाजवत होता. "लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना शीळ वाजवता येते हे मला त्या दिवशी कळलं!" कारण दादा तिथं गेलेलाच नव्हता.

तिथं रविवारी एकटा माणूस करणार काय? स्टेशनावर जायचं, समोर उभी असेल त्या गाडीत बसायचं. एका रविवारी असाच उतरला ग्वोगूफला. ओडर नदीच्या काठचं गाव, आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. "आजोबा," तो सांगतो, "स्टेशनाबाहेर आलो, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी कुणाचा भाऊ हे कुणालाच माहीत नाही. मी बाकावर बसून डबा खाल्ला. पोळीभाजीच होती, पण असं जेवण नाही कधी झालं."

मग किल्ला बघायला गेला. किल्ल्यात वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत या संस्थानाचा जन्म कसा झाला ते सांगितलं, आणि आमचा निशिकांत संपला! ती गोष्ट आता तुम्हीही ऐका, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

सिलेशिया नावाचा मुलूख. तिथला ड्यूक, म्हणजे आपल्याकडचा संस्थानिक धरा, मंगोलांशी लढताना पडला. मागं बरीच मुलं. थोरला बोलेस्वाफ गादीवर बसला. धाकट्यांतला एक कोनराड. याला वाटणी द्यावी लागू नये म्हणून घरच्यांनी युक्ती काढली, की याला पाद्री करा. पाठवला पॅरिसला शिकायला. पाद्र्याला जमीन कशाला लागते? त्याला बिशपसुद्धा करायचं ठरत आलेलं. आणि एक दिवस हा कोनराड झगा टाकून घरी परत! दारात उभा राहून म्हणतो, माझा हिस्सा टाका. थोरला म्हणाला, चल हो बाहेर. मग कोनराड गेला शेजारच्या राजाकडे, त्याच्या बहिणीशी लग्न लावलं, मेहुण्याची फौज घेतली, आणि आला तो ग्वोगूफ घेऊन बसला. तिथून ते संस्थान सुरू.

"म्हणजे बघा," निशिकांत असं म्हणताना त्याचे डोळे बघण्यासारखे असतात, "एक अख्खं राज्य धाकट्या भावाच्या हट्टातून जन्माला आलंय."

आणि मघाचे ते दोन हेन्रिक, पिंजऱ्यातला आणि पिंजरा करणारा? ते या दोघा भावांचेच मुलगे. बापांचं भांडण मुलांनी पुढं चालवलं. पुढच्या पिढ्यांनी तर वाटण्या करत करत त्या ग्वोगूफ गावाचेच दोन भाग केले. अर्धं गाव एका राजाचं, अर्धं दुसऱ्या ड्यूकचं, आणि शंभरावर वर्षं ते तसंच चाललं.

निशिकांत त्यानंतर प्रत्येक रविवारी तिथंच जायचा. परत आला तो ग्वोगूफ डोक्यात घेऊन. दादाला मात्र एक अक्षर बोलला नाही. दादानं विचारलं, "कसं होतं रे?" हा म्हणाला, "तू म्हणालास तसंच. काही नाही बघण्यासारखं."

आता दिवाळीकडे येऊ. आमच्या कॉन्डोत मराठी घरं बरीच. दर दिवाळीला बार्बेक्यूच्या कट्ट्यापाशी आम्ही सगळे मिळून किल्ला करतो. विटा रचायच्या, लिटिल इंडियातून आणलेल्या तांदळाची गोणपाटं चिखलात बुडवून त्यावर पसरायची, नर्सरीतली माती, वर अळीव पेरायचा. मातीची चित्रं पुण्याहून येणारे कुणी ना कुणी कपड्यांच्या घडीत घालून आणतात. सगळी सूत्रं आमच्या सूनबाईंच्या, क्षिप्राच्या हातात. पण किल्ला कुठला आणि कसा, ते ठरवणार चारुदत्त. एका वर्षी राजगड, एका वर्षी प्रतापगड, बुरूज न बुरूज बरोबर.

आणि शेवटच्या संध्याकाळी तो घरून मिठाईचा एक जुना डबा आणायचा. त्यात कापसात गुंडाळलेले मातीचे महाराज, वाईच्या घरातले, लहानपणापासूनचे. नाकाचा टवका गेलेला. ते सिंहासनावर ठेवायचे चारुदत्तनं. वाईतही तेच ठेवायचा. निशिकांतकडे वाईत काम होतं गुहेत वाघ ठेवायचं, आणि इथं, मोबाइलचा उजेड धरायचं. दादा महाराज ठेवायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि उजेडामागं निशिकांतचा चेहरा अंधारात. मी बघितलाय तो. म्हणून सांगतो.

या वर्षी चारुदत्तच्या मनात रायगड होता, पण तो कामासाठी हाँगकाँगला अडकला. क्षिप्रा निशिकांतला म्हणाली, "काका, या वर्षी तुम्ही कराल का?"

"करीन. पण मला हवा तो."

"करा की! सिंहगड करा, पुरंदर करा."

"ग्वोगूफ."

क्षिप्रानं माझ्याकडे बघितलं. "आजोबा, हा कुठल्या तालुक्यात आला?"

मी म्हटलं, "आमच्या शाळेत त्याच्यावर कौल गळायचं."

आणि मग काय सांगू तुम्हाला! हा माणूस हार्बरफ्रंटहून आला की बूटसुद्धा घरी न काढता थेट चिखलात. अर्धं पाऊल मागं चालणारा निशिकांत सगळ्यांच्या पुढं ओरडत होता, "वीट उलटी नको! तिथं नदी आहे!" नदीवरून एक गंमत झाली. यानं खरं पाणी सोडायचं ठरवलं, तर वॉचमन अंकल धावत आले. साठलेलं पाणी इथं कुणी खपवून घेत नाही, डास झाले तर सगळ्या कॉन्डोला भोगावं लागतं. मग ओडर नदी झाली विनीताच्या निळ्या ओढणीची.

"या ग्वोगूफ नावाच्या बयेनं आधी यांचे रविवार नेले," विनीता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता ओढणी पण नेली."

नदीपलीकडे बेटावर चर्च. अलीकडे किल्ला आणि गाव. गावाच्या मधोमध एक सुतळी ताणलेली, हा भाग या राजाचा, तो त्या ड्यूकचा. पोरांनी लगेच ए टॉवरचं अर्धं गाव आणि बी टॉवरचं अर्धं गाव असं करून भांडायला सुरुवात केली. आणि वाघाच्या गुहेत या वेळी वाघ नव्हता. चहाच्या दोन गाळण्या एकमेकींवर बांधून केलेला पिंजरा होता आणि त्यात मातीचा जाड्या हेन्रिक. माझी नात श्रिया, तिला वाघाची दया आली, तिनं त्याला पिंजऱ्यापाशी पहारेकरी म्हणून बसवलं.

माझं म्हणाल तर, जरा पोटात दुखलं माझ्याही. पूलजवळच्या बाकावर संध्याकाळी माझी बैठक असते. आमच्या गावच्या विहिरीतल्या भुतावर मी या पोरांना आजवर खिळवून ठेवलं होतं. पिंजरा आला त्या दिवशी एकेक जण उठून तिकडे. श्रियाला म्हटलं, अगं भूत अर्ध्यात आहे! तर ती म्हणते, "आजोबा, युअर घोस्ट नॉट स्केअरी लाह. ही ओन्ली वॉन्ट टोबॅको." आता भूत तंबाखू मागायचं हे खरं आहे, त्याला मी काय करू? शेवटी बाक उचलून मीच किल्ल्यापाशी नेला. ऐकायला बसलो तर काय रंगवून सांगत होता निशिकांत! दोन्ही हात पसरून, मान वाकडी करून.

नेमकं तेव्हाच चारुदत्त आला. ठरल्यापेक्षा आधी. विमानतळावरून थेट, बॅग हातात.

"अरे वा! रायगड कुठाय?"

श्रियानं त्याला सांगून टाकलं, "नो रायगड, काका. धिस वन ग्वोगूफ. टू ब्रदर्स, व्हेरी जेलस."

सगळे हसले. चारुदत्त सर्वांत शेवटी हसला. बॅग खाली न ठेवताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तो तयारीनं. कुठं काय वाचलं देव जाणे, पण आला आणि त्या आवाजात सुरू केलं: "अरे, तुम्हाला वेडा यान माहीत आहे का? ग्वोगूफचा शेवटचा ड्यूक! त्यानं सख्ख्या भावाला बुरुजात कोंडून उपाशी मारलं!" पोरं निशिकांतजवळून उठून त्याच्याकडे सरकायला लागली. एक उठला, मग दोघं. निशिकांतचे हात चिखलाचे, हवेतच राहिले. मी ओळखलं ते दृश्य. माझ्या बाकावरून अशीच उठली होती.

आणि वर चारुदत्त म्हणतो काय, "मी तर डिसेंबरमध्ये जाऊनच येतोय. तिकीट काढलं आज. सगळं बघून येतो, पुढच्या वर्षी याच्या दुप्पट करू!"

निशिकांतनं नळावर हात धुतले, पँटला पुसले आणि लिफ्टकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारी इथं रोज पाऊस. पोरं ताडपत्री घालत, पण त्यांचं ते घालणं. बेटावरचं चर्च एका बाजूला कललं. अळीव मात्र मस्त उगवून आला, त्याला कुणाच्या रुसव्याचं काय! क्षिप्रा माझ्या मागं लागली, "आजोबा, तुम्ही जा. तुमचं ऐकतील." मी गेलो.

निशिकांत सोफ्यावर बसला होता, बंद टीव्हीकडे बघत. विनीतानं चहा दिला आणि म्हणाली, "खरी सवत असती तर निदान भांडले असते. आता गावाशी काय भांडू?"

"निशिकांत," मी म्हटलं, "चर्च पडायला आलंय."

"पडू दे. दादा बांधेल."

"अरे, जाईना का तो डिसेंबरमध्ये. गाव काय झिजणार आहे?"

तो एकदम उसळला. "आजोबा, लंडन त्याचं. न्यूयॉर्क त्याचं. वाईचा घाटसुद्धा त्याचा, पोहायला तो आधी शिकला. मी काही म्हणालो? मी काय ठेवलं होतं स्वतःला? एवढंसं गाव! जगात एवढी गावं पडलीत त्याला. आता तिथंही जाणार, आणि परत येऊन मलाच सांगणार की संग्रहालयाचं दार कुठल्या बाजूला आहे. आणि पुढच्या वेळी मी तिथं गेलो की त्या बाई विचारतील, तुम्ही चारुदत्तचे भाऊ का?"

विनीता हसायला लागली, पण त्याचा चेहरा बघून आत गेली.

मी म्हटलं, "तुझ्याच गोष्टीत आहे ना, हेवा कुठवर जातो ते? पिंजऱ्यापर्यंत गेला."

"म्हणून तर घरात बसलोय," तो म्हणाला. "पिंजरा करण्यापेक्षा बरं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठलो.

खाली येऊन बाकावर बसतो न बसतो, तर चारुदत्त आला. कधी न बसणारा माणूस, बसला माझ्या शेजारी.

"निशी बोलत नाही माझ्याशी. फोन उचलत नाही."

"तिकीट कशाला काढलंस?"

त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग तो मोठा आवाज अगदी लहान करून बोलला. "आजोबा, त्या दिवशी मी बॅग घेऊन आलो ना, तेव्हा तो पोरांना सांगत होता. हात असे करून, मान वाकडी करून. अगदी आमची आई. आई अशीच गोष्ट सांगायची, त्याला कुशीत घेऊन. मला म्हणायची, चारू, तू मोठा आहेस, तू पलीकडे झोप. पलीकडे काय होतं? भिंत. मी भिंतीकडे तोंड करून गोष्ट ऐकायचो. त्या दिवशी बघितलं तर आई सगळी त्याच्याकडेच गेलेली. माझ्याकडे नुसता आवाज. मग डोकंच फिरलं. म्हटलं, जे याच्याकडे आहे ते मलाही पाहिजे."

बघा आता! एक जण एसटीच्या खिडकीवर जळतोय, दुसरा कुशीतल्या जागेवर. दोघांचे केस पांढरे झालेत. मला हसू यायला लागलं, ते मी खोकला करून दाबलं.

"हे मला काय सांगतोस?" मी म्हटलं. "मी काय ग्वोगूफचा बिशप आहे? त्याला सांग."

"नाही जमायचं," म्हणाला आणि उठला.

दिवाळीची संध्याकाळ आली. पणत्या लावल्या, सगळे खाली उतरले. निशिकांत यायचा नाही असंच धरून चाललो होतो. पण विनीता खालून वर गेली आणि दारातूनच म्हणाली म्हणे, "तुमचं चर्च पडलं हो. वाघावर पडलं." खोटं होतं, नुसतं कललं होतं. पण हा चप्पल न घालता खाली. गुडघ्यांवर बसून चर्चखाली बोटानं माती चेपत होता, आजूबाजूला सिल्कच्या साड्या आणि हा बनियनवर.

इतक्यात पोरांनी सुरू केलं, "महाराज कुठं? व्हेअर इज महाराज?"

"इथं महाराज नसतात," निशिकांत मान वर न करता म्हणाला. "हा त्यांचा मुलूख नाही."

झालं! सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. महाराजांशिवाय किल्ला असतो का? मुलांना काय सांगायचं? क्षिप्रा म्हणाली, "काका, निदान पाहुणे म्हणून तरी बसवा. परगावी आलेत असं समजा!"

तेवढ्यात मागून वाट झाली. चारुदत्त आला, मिठाईचा डबा घेऊन. त्यानं डबा उघडला, कापूस बाजूला केला. आणि काय झालं बघा, सवय किती वाईट! निशिकांत उठून उभा राहिला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढून उजेड धरला. चिखलाच्या हातानं. कुणी सांगितलं नव्हतं.

चारुदत्त त्या उजेडात महाराज हातात घेऊन तसाच थांबला. मग हात त्यानं किल्ल्याकडे नेलाच नाही. भावापुढं केला.

"निशी, तू ठेव."

मी मोबाइल निशिकांतच्या हातातून काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच तो उजेड त्याच्या तोंडावर पडला.

"आणि ते तिकीट," चारुदत्त म्हणाला, "तू म्हणशील तर रद्द करतो. नाहीतर आणखी एक काढतो, तुझं. मला तिथली वाट माहीत नाही रे."

चारुदत्तच्या तोंडून "मला माहीत नाही" मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं.

निशिकांतनं महाराज घेतले. अंगठ्यानं नाकाचा टवका चाचपला. ए टॉवरची पोरं ओरडली, "आमच्या साइडला!" बी टॉवरची ओरडली, "नो, आमच्या!" त्यानं कुणाचंच ऐकलं नाही. वाकला आणि महाराजांना बरोबर त्या सुतळीवर बसवलं, अर्धे या गावात, अर्धे त्या गावात. टाळ्या झाल्या. चारुदत्तनं पुन्हा विचारलं, "मग? तिकिटाचं काय करू?" निशिकांतनं हात बनियनला पुसले आणि दादाच्या डोळ्यांत बघून म्हणाला:

"तिकीट राहू दे, दादा. माझंही काढ. पण गाडीत खिडकी माझी. आणि ग्वोगूफ आलं की आधी मी उतरणार. तू माझा हात धरून उतर."